बेलभंडाऱ्यावरची लाईन

मंगळवेढ्यात अजिनाथला सगळे 'तारवाला' म्हणायचे. आधी केबलच्या तारा ओढल्या, मग इंटरनेटच्या. फायबरची काचेची तार कापताना उडालेला तुकडा न् तुकडा तो सरबताच्या बाटलीत भरून घरी न्यायचा. शेरडा-मेंढरांच्या तोंडात जाऊ नये म्हणून. असा माणूस धंद्यात मोठा होत नसतो, आणि झालाही नाही.

त्याला अभिमान एकाच गोष्टीचा. तालुक्यातल्या अकरा केबलवाल्यांना त्याने एकत्र आणलं होतं. आधी घरात बसवायची इंटरनेटची पेटी ज्याची त्याची वेगळी, एकाची दुसऱ्याच्या लाईनीवर चालायची नाही आणि मधल्यामधे गिऱ्हाईक मरायचं. जगातल्या बड्या कंपन्या एकत्र बसून कुणाचीही पेटी कुणाच्याही लाईनीवर चालावी असा एकच खुला नियम करतात, मग आपल्यालाच काय धाड भरलीय, असं तो म्हणाला. त्याच नियमाची पेटी सगळ्यांनी बसवायची ठरली. वकिलाकडून कागद करू, असं कुणी सुचवलं तेव्हा अजिनाथच हसला. खंडोबाच्या देवळात अकरा जणांनी बेलभंडारा उचलून शपथ घेतली, की हा नियम कुणी सोडायचा नाही. त्यापुढे कागदाची काय मातब्बरी?

माळामागच्या खळग्यात चार घरांची वस्ती होती. मोबाईलला रेंज नाही. तिथली राजाबाई जन्माची मुकी-बहिरी, त्यात गुडघे गेलेले. लेक सोनम पुण्याला नर्स. पेटी बसली आणि रोज संध्याकाळी मायलेकी मोबाईलच्या पडद्यावर हातांनी बोलू लागल्या. अजिनाथने सोनमला शब्द दिला होता, "आईची पेटी बंद पडायची न्हाय. माजी लाईन गेली तर दुसऱ्याची जोडीन की."

मग मोठी कंपनी आली. अकरांतला पहिला फुटला तो गुंडा नावाचा, अजिनाथचा जिवलग मित्र. त्याच्याच खोलीतून सगळ्यांच्या लाईनी निघायच्या. कंपनीने तिथे आपलं यंत्र बसवलं. नियम तोच खुला, फक्त वर कुलूप: पेटी कंपनीचीच पाहिजे. आठवड्यात दहाच्या दहा जण तिकडे गेले, आणि देव कुणाला आडवा आला नाही. जुन्या पेट्या चालेनात, आणि राजाबाईच्या पेटीवर लाल दिवा लागला.

पंधरा दिवस अजिनाथ शपथेला चिकटून राहिला. मग सोनमचा फोन आला. "काका, आईला वाटतंय मी मेले. शेजारीन रेंजसाठी माळावर जाऊन फोनवर माजा आवाज ऐकती. पन आईला ती काय सांगनार?"

दुसऱ्या दिवशी तो सोलापुरात, कंपनीच्या ऑफिसात. सगळी गिऱ्हाइकं घ्या, पण राजाबाईला पेटी पाहिजे, एवढंच त्याचं मागणं. सुबोध नावाचा साहेब फार गोड. हो हो, आपण करून टाकू, म्हणाला. अजिनाथने खिशातून भंडाऱ्याची पुडी काढली, तर साहेबाने कपाळही पुढे केलं. दुधाने तोंड पोळलं तरी ताक फुंकून न पिणारा हा माणूस! त्याने इंग्रजी कागदावर न वाचता सही ठोकली.

पेट्या आल्या, पण यादीत वस्ती नव्हती. दहा घरांपेक्षा कमी असतील तिथली लाईन बंद, असं तिसऱ्या पानावर छापलेलं होतं. सुबोधची बदली झाली होती. आणि बंद लाईनीची तार गुंडाळून जमा करायची, हे काम त्याच कागदाने अजिनाथच्या गळ्यात घातलं होतं.

तो वस्तीवर पोचला तेव्हा ऊन उतरत होतं. राजाबाईने उंबऱ्यातून त्याला खांबावर चढताना पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. शपथ मोडली ती हिच्यासाठी, आणि आता हिचीच तार तोडायची. त्याने तार कापली, आणि खाली उतरून काचेचा तुकडा सवयीने बाटलीत टाकला.

तेवढ्यात राजाबाईने केस विंचरले होते, लुगड्याचा पदर सारखा केला होता आणि मोबाईल भिंतीला टेकवून ती लेकीची वाट बघत समोर बसली होती. तिने त्याला हाताने शेजारी बसायला सांगितलं. तो बसला. तिच्या हातांची भाषा त्याला एवढीच कळत होती.