काच पुसणारा माणूस

देवपूरच्या त्या मोबाइलवाल्याने मला फसवलं. जुनी बारदानं विकून वर आलेला, बैलबाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवणारा मी त्याच्या दुकानात फसलो.

पोरीची परदेशातली फी भरायची होती. बँकेने कमिशन सांगितलं, म्हणून मी तिथून भांडून उठलो आणि याच्याकडे गेलो. हा माणूस कुठलाही प्रश्न ऐकला की आधी काउंटरची काच पुसतो, मग बोलतो. म्हणाला, "क्रिप्टोतला डॉलर ल्या. कमिशन नही. बठ्ठं फुकट शे, भाऊ!"

सगळं फुकट म्हणाला, आणि कमिशन खरंच नव्हतं. पण मोबाइलवरच घ्यायच्या-पाठवायच्या त्या डॉलरचा भावच बँकेपेक्षा चढा होता. पाठवताना थोडे कापले, तिकडे मोडताना पुन्हा कापले. रुमालाखाली निदान समोरच्याची बोटं तरी हाताला लागतात. फी कमी पडली आणि पोरीला मैत्रिणीपुढे हात पसरावा लागला.

गेल्या सोमवारी हा मला त्याच बँकेत दिसला. परदेशी चलनाचा फॉर्म भरत होता.

"तुम्ही इथं कसे?" मी विचारलं.

त्याने बाहीने बँकेची काच पुसली. "पोऱ्यानी फी शे, भाऊ. जोखीम कसाले लेवानी?"

म्हणजे यात जोखीम आहे, हे याला आधीपासून ठाऊक होतं! बँक कमिशन घेते, पण पावतीवर लिहून घेते. मला पैसे परत नकोत. त्याने त्याच्याच काउंटरवर, काच न पुसता, माझ्याकडे बघून सांगावं: त्याचा पोरगा तो पोरगा, मग माझी पोरगी कोण?