सुनेचा सर्व्हर आणि तलावाची चावी

मी चौथीत शाळा सोडलेला माणूस. तरी सर्व्हरला कोणता कंट्रोल पॅनल लावायचा, हे आमच्या घरात मी ठरवलं.

सर्व्हर म्हणजे काय, ते मला सुनेनंच सांगितलं होतं. कुठंतरी दूर, थंड खोलीत ठेवलेला, कधी बंद न होणारा कॉम्प्युटर. त्यातला एक लहानसा हिस्सा तिनं भाड्यानं घेतला होता. तुमसरच्या राइस मिलवाल्यांच्या, बियाण्याच्या दुकानदारांच्या, मंगल कार्यालयाच्या वेबसाइटी ती त्यात ठेवायची, आणि सारं काम सिहोऱ्यात आमच्या ओसरीत बसून. मुलगा रोज तुमसरला मिलमध्ये कामाला जायचा. चौकात लोक मला विचारत, "सून दिवसभर मशीनसमोर काय करून राहिली गा?" मी म्हणायचो, "तुह्या पोराच्या मालकाचं दुकान सांभाळून राहिली."

आता पॅनल. तोही तिनंच समजावला होता. सर्व्हरचा सारा कारभार ज्या पडद्यावरून चालतो, तो पॅनल. नवी साइट जोडणं, कोणाचा ईमेल उघडून देणं, पासवर्ड बदलणं, सारं तिथून. जुना पॅनल अंगानं फार जड होता. सर्व्हरची अर्धी मेमरी एकटाच खाऊन टाकायचा, आणि नव्या धानाचा हंगाम आला की मिलवाल्यांच्या साइटी अडकून पडायच्या.

एका दुपारी जेवणं झाल्यावर ती लॅपटॉप घेऊन आली. मी बाजेवर, ती खाली पाटावर. डोक्यावर ओढणी घेतलेली. मशीन कितीही नवी असो, माझ्यासमोर बसताना ओढणी डोक्यावर येणारच, तशी पोरगी.

"मामाजी, हलका पॅनल लावाचा हाय. दोन पाहून ठेवले. कोणता लावू?"

"मले काय समजते त्यातलं?"

"तुमी सांगा न. तुमाले विचारल्याशिवाय घरात काही होते का?"

हे ऐकून मी बाजेवर जरा सरसावून बसलो, हे खरं.

एक पॅनल सगळ्यात हलका होता. साधा, पण आत जायचा रस्ता एकच, म्हणजे लॉगिन एकच. ते तिच्याकडं राहणार. दुसरा त्याच्यापेक्षा थोडा जड, तरी जुन्यापेक्षा पुष्कळ हलका. त्यात दर गिऱ्हाइकाला आपलं आपलं लॉगिन. ज्यानं त्यानं आपला ईमेल उघडावा, आपला पासवर्ड बदलावा, दुसऱ्याचं काही दिसणार नाही.

"तुह्या मनात कोणता हाय?"

"दुसरा. लोकं आपलं आपलं करून घेतीन. मले आंधळगावले जाऊन चार दिवस आईजवळ बसता येईन."

तिची आई आंधळगावला एकटीच. जन्मभर मागावर कोसा, म्हणजे टसर रेशीम, विणला. आता दम लागायचा, मागावर बसवत नव्हतं. ही एकुलती एक लेक. तिनं सारं स्पष्ट सांगितलं होतं, आणि मी ते ऐकलंही होतं.

पण मी पडलो पाणकर. गावच्या तलावाचं पाणी सोडण्याचं काम माझं. त्याआधी माझ्या बापाचं. तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, पाणी सोडायचं तोंड असते, त्याला आमच्याकडं तुडूम म्हणतात. तुडमाच्या चाकाला साखळी, साखळीला कुलूप, कुलपाची चावी माझ्या करगोट्याला. धान गर्भात असताना पाऊस दगा देतो, तेव्हा सारं गाव त्या चावीकडं पाहत असते. मोठे मोठे पाटील माझ्या दारात येऊन बसलेले मी पाहिले. एकजण चिडून म्हणाला होता, "तलाव तुह्या बापाचा हाय का रे?" मी म्हटलं, "बापाचा नाही, पण चावी त्यानंच मले देल्ली. थांब, तुही पाळी आली का बलावतो." एकदा आमच्या शेजारच्या गावात दोघांकडं चाव्या दिल्या होत्या. वरच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, पाणी कमरेला अन् शेवटच्या बांधीत भेगा. डोकी फुटली.

तेच मी सुनेला सांगितलं. "तुडमावर एकच हात पाहिजे बाई. दहाजणाले चाव्या वाटशीन तं तुले कोण विचारीन?"

"मामाजी, हे पाणी नोहे. एकानं घेतलं तं दुसऱ्याचं कमी होत नाही."

"मंग मले विचारलं काहून?"

तिनं पडद्यावरचं दुसऱ्या पॅनलचं पान बंद केलं. मग म्हणाली, "बरं. तुमी म्हणता तं पहिला लावतो."

पहिला लागला. साइटी खरंच पळायला लागल्या. मिलवाले खूश. आणि फोन सुरू झाले.

"बाई, पासवर्ड विसरलो."

"कालच तं देल्ला शेठजी."

"त्यो कालचा. आजचा द्या न."

कोणाला नव्या मुनीमासाठी ईमेल पाहिजे, कोणाला तांदळाचा भाव बदलायचा. चूल फुकता फुकता, कपडे वाळू घालता घालता, फोन खांदा अन् कानाच्या मधात दाबलेला. कोणी कोणी घरीच येऊन बसत. चहा पिऊन मला म्हणत, "तुमच्या सुनेबिगर आमचं पान हालत नाही, काका." मला गोड वाटे. घराण्यात पुन्हा चावी आली, असं वाटे. आंधळगावचं जाणं मात्र या आठवड्यातून त्या आठवड्यात सरकत गेलं. ती काही बोलली नाही. सून बोलत नसली म्हणजे घरात सारं बरं चाललं आहे, असं माझ्या वयाची माणसं समजतात.

विहीणबाईंची तब्येत उतरली तेव्हा मीच म्हटलं, चल, मीही येतो. बसनं गेलो. घरात शिरून ती आईच्या पायांशी टेकते न टेकते, तर फोन. आत रेंज नव्हती. रस्त्यापलीकडं कडुलिंबाखाली मिळायची. ती गेली.

विहीणबाई उशीला टेकून बसल्या होत्या. उशाशी कोशाच्या कापडाचा एक तुकडा घडी करून ठेवलेला. माग मोडायच्या आधी विणलेला शेवटचा, लेकीला दाखवायला.

"पोरगी आली म्हणता न भाऊ? मंग गेली कुठं?"

"फोनवर हाय. येऊन राहिली."

जरा वेळानं पुन्हा तेच. "बलावा न तिले. मले बोलताना दम लागते, आता बरं वाटून राहिलं तं दोन शब्द बोलतो."

मी उठून कडुलिंबाखाली गेलो. ती सांगत होती, "ते नाही शेठजी, त्याच्यावरचं बटन. नाही, तुमच्याकडून नाही होत. ठेवा, मीच करतो." मला पाहून तिनं फोन कानाला तसाच ठेवून तळवा वर केला. थांबा.

तुडमावर मी साऱ्या गावाला तसाच हात दाखवत आलो. कोणाची बांधी वाळत असो, थांब. मला कोणी कधी थांबवलं नव्हतं. मी उन्हात उभा राहिलो. तिचा एक फोन संपला की दुसरा वाजे.

आम्ही आत आलो तेव्हा विहीणबाईंचा डोळा लागला होता. तिनं तो कोसा उचलून पाहिला, बोटं फिरवली, परत घडी करून तिथंच ठेवला. आईला उठवलं नाही. संध्याकाळची बस धरून आम्ही परतलो, कारण कोणाची तरी साइट बंद पडली होती आणि लॅपटॉप घरी होता. बसमध्ये मला म्हणावंसं वाटत होतं, दुसरा पॅनल लाव. म्हटलं नाही. उद्या म्हणू, असं केलं. आपलाच शब्द आपण फिरवायची मला सवय नव्हती.

पुढच्या खेपेला गेलो ते विहीणबाईंना पोचवायलाच.

तेरवी झाल्यावर तिनं दुसरा पॅनल लावला. ओसरीत पाटावर बसून एकेक साइट इकडून तिकडं नेत होती. या वेळी मला विचारलं नाही. काम झाल्यावर एवढंच म्हणाली, "मामाजी, पॅनल बदलवला."

"बरं केलं," मी म्हटलं.

तुडमाच्या बाबतीत मी आजही तेच सांगीन, चावी एकाच हातात पाहिजे. कोणी माझ्याशी वाद घालायला यावं. पण ते पाण्याचं. ती म्हणाली होती, हे पाणी नोहे, आणि ती म्हणाली तेव्हा विहीणबाई बसून बोलत होत्या.

आता तिचा फोन दुपारभर बाजेवर मुका पडलेला असतो. शेठजी आपले पासवर्ड आपण बदलतात. परवा ती ओसरीत नुसती बसली होती, कोशाचा तो तुकडा मांडीवर घेऊन. मी म्हटलं, "काम नाही तं आंधळगावले जाऊन ये न बाई चार दिवस."

तिनं डोक्यावरची ओढणी सारखी केली.

"आता कोणाकडं, मामाजी?"