टिपा वगळलेला अहवाल

लातूरला गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत माझे कपडे शिवणाऱ्या चाचांचे भाड्याचे दुकान होते. मालक ते विकणार होता आणि आधी चाचांनाच विचारणार होता. त्यासाठी जमवलेली रक्कम चाचांनी सोयाबीन तेल काढणाऱ्या एका कंपनीत ठेव म्हणून गुंतवली होती. मुदत संपत आली तेव्हा ते कंपनीचा वार्षिक अहवाल घेऊन माझ्याकडे आले.

"तुम्ही पेपरवाले. वाचून सांगा, काढू का राहू देऊ?"

मी तेव्हा एका दैनिकाचे व्यापाराचे पान पाहत असे. त्या पानावर या कंपनीची जाहिरात नियमित येई. अहवाल मराठीत होता, गुळगुळीत कागदावर. नफा सलग तिसऱ्या वर्षी वाढला होता. मी उभ्या उभ्या तेवढे पाहिले आणि म्हणालो, "राहू द्या."

आठ महिन्यांनी कारखान्याला कुलूप लागले.

मग मी शुल्क भरून सरकारी दप्तरातून कंपनीचे तिन्ही वर्षांचे मूळ इंग्रजी अहवाल काढले आणि मराठी अहवालाशेजारी ठेवले. मराठी ताळेबंदाखाली छापले होते: 'सोबतच्या टिपा या ताळेबंदाचा अविभाज्य भाग आहेत.' पुढच्या पानावर वृक्षारोपणाची छायाचित्रे होती. आकड्यांचा खुलासा करणाऱ्या त्या टिपा नव्हत्या. रोख किती आली, किती गेली हे सांगणारे पत्रकही नव्हते.

इंग्रजीत दोन्ही होते. तिन्ही वर्षे नफा दाखवला होता आणि तिन्ही वर्षे धंद्यातून आलेली रोकड उणे होती. बहुतेक तेल दोन पेढ्यांना उधारीवर विकलेले. त्या पेढ्या संचालकांच्या नातेवाइकांच्या, हे एका टिपेत बारीक अक्षरात लिहिलेले. पैसे आलेच नाहीत, विक्री मात्र नफ्यात धरली. जुन्या ठेवीदारांचे व्याज नव्या ठेवींतून गेले. बँकेसाठी इंग्रजी प्रत होती, ठेवीदारांसाठी मराठी. ही छपाईतली चूक नव्हती.

ठेवीदारांची बैठक नांदेडला झाली. कंपनीचा अधिकारी म्हणाला, "खर्च वाचावा म्हणून टिपा वगळल्या. कुणी मागितल्या असत्या तर दिल्या असत्या."

चाचा उठले. "साहेब, मी गिऱ्हाइकाला पँट देताना एक पाय कापून ठेवत न्हाई. मागितला असता तर दिला असता, असं म्हणत न्हाई."

मागून कोणीतरी ओरडले, "चाचा, ह्यांचं मापच घ्या आता!" सभागृह हसले. अधिकाऱ्याने मान वर न करता 'सूचना नोंदवली' असे लिहिले. लुबाडलेल्या माणसाने विचारलेला जाब या लोकांच्या लेखी सूचना असतो.

दुकानाच्या मालकाने दोन महिने वाट पाहिली आणि सौदा दुसऱ्याशी केला. चाचा सामान काढत होते त्या दिवशी मी गेलो. कंपनीवरचा माझा लेख छापायचा होता, त्याआधी त्यांना एक गोष्ट सांगायची राहिली होती. लोकांकडून येणे असलेली रक्कम त्या मराठी पुस्तिकेतही होती. विक्री जेमतेम वाढली होती आणि येणे जवळपास दुप्पट झाले होते. टिपांशिवायही ते दिसत होते. मी नफ्याच्या ओळीखाली गेलोच नव्हतो.

चाचांनी शिलाई यंत्राचा पट्टा काढून खिशात घातला.

"मग हे बी छापा," ते म्हणाले. "नुसतं त्यांचंच नगा छापू."

मी छापले, माझ्या सल्ल्यासकट. तोवर त्या दुकानात मोबाइलची कव्हरे टांगली गेली होती.