कोकमतेलाचा गोळा

सूनबाई माझ्या भेगाळलेल्या टाचांसाठी कोकमतेल वितळवू लागली आणि त्या वासासरशी मी रेवसजवळच्या आमच्या जुन्या ओटीवर जाऊन बसलो.

कॉलेजला सुट्टी लागली होती. शिक्षणाचा खर्च निघावा म्हणून मी मुंबईत विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करायचो. दिवसभर धूळ झटकायची, कीड लागू नये म्हणून मोरचूद घातलेल्या खळीनं पुस्तकांवर चिठ्ठ्या डकवायच्या. बोटीतून उतरून घरी पोचलो तेव्हा इतका थकलो होतो की भाकरीही तोडवेना. मिठागरात राबणाऱ्या बानं माझा हात ओढून घेतला. बोटं चिरली होती.

"ह्ये मिठाचं न्हाय. कशाचं रं?"

"पुस्तकांचं."

"पुस्तकं बी हात खातात व्हय?"

मग स्वतःच्या टाचांसाठी ठेवलेला कोकमतेलाचा गोळा त्यानं कोनाड्यातून काढला आणि दिव्यावर धरून थेंब थेंब माझ्या चिरांत सोडला. मी बसल्या जागी झोपलो.

सकाळी कोनाडा रिकामा होता. बा कोरड्या टाचांनी मिठागरात उतरला होता. मला तेव्हा एवढंच जाणवलं, की हात आता झोंबत नाहीत.