उलट्या बाजूची कडी

भास्कर सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी आमच्या बीबी गावच्या शाळेत गॅदरिंगच्या नाटकाची पात्रं ठरवत बसले होते. रडू नंतर आलं. आधी मनात आलं ते भलतंच, की यंदा ते दुसरं दार कोण उभं करणार? माणूस जातो आणि आपल्याला दार आठवतं... याला काय म्हणावं, मला अजून कळलेलं नाही.

सर चित्रकला शिकवायचे. नाटक मी बसवायची, नेपथ्य त्यांचं. बांबूच्या चौकटीवर बारदाना ताणायचा, वर जुने पेपर चिकटवायचे, चुना आणि गेरू मारला की भिंत तयार. यावरून आमची भांडणंही व्हायची, कारण नाटकात एकच दार लागत असलं तरी सर हट्टाने दोन करायचे. दुसरं अगदी खरं, लाकडी, पाडलेल्या जुन्या वर्गखोलीचं. त्यातून एकही पात्र येत-जात नसे. त्यात कडी पडद्यामागच्या बाजूला. म्हणजे नाटकातल्या घरातली माणसं आत आणि कडी बाहेर! "सर, यंदाबी कडी उलटीच लावली का?" असं मुख्याध्यापक दरवर्षी चिडवायचे. सर हसायचे आणि नाटकभर त्या दारामागे स्टूल टाकून, कडीवर हात ठेवून बसायचे. एकदा मी वैतागून विचारलं, हे दार लागतं कोणाला? तर म्हणाले, "राहू द्या ना मॅडम. लागन कोणाले तरी."

ते दार उघडलेलं मी एकदाही पाहिलं नाही. सरांच्या घरी भेटायला गेले तेव्हा न राहवून वहिनींपाशी विषय काढला. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. घरात तर सरांनी कधी कुठल्या दाराला कडी लावू दिली नाही म्हणे, यावरून दोघांचे खटके उडायचे. मग शाळेत हा कडीचा सोस कशाला? मी गेले त्यापेक्षा जास्त गोंधळून परत आले.

मुख्याध्यापकांचं म्हणणं पडलं की यंदा ते दार नको, स्टेजवर जागा होईल. मला नाही म्हणायला कारण सापडेना. तरी तालमीला मुलांनी आपणहून ते आणून उभं केलं, कडी मागेच ठेवून. आईचं काम करणारी पूनम मधेच वाक्य विसरली. मी समोरून सांगत होते, पण ती मान वळवून त्या दाराकडे बघत उभी. तिकडे काय बघतेस, विचारलं.

"मागे सर बसत ना, मॅडम. नाहीच जमलं तं दार उघडतीन, असं वाटे मले."

सरांनी तुला तसं सांगितलं होतं का? तर नाही म्हणाली. कोणालाच काही सांगितलं नव्हतं त्यांनी. मग तिला वाटलं तेच खरं होतं, की सरांच्या मनात आणखी काही होतं... आता विचारू कोणाला? सरांचा रागही आला, एका वाक्यात सांगून जायला काय झालं होतं!

मी उठले आणि मागे गेले. मुलांनी स्टूलही नेहमीच्या जागी ठेवलं होतं. बसले, कडीवर हात ठेवला. पलीकडचं काही दिसत नव्हतं. जरा वेळाने पूनमचा आवाज आला, आधी चाचरत, मग सरळ. कडी धरून ठेवायची की काढून ठेवायची, हे काही मला कळेना. मी हात तसाच ठेवून बसून राहिले.