वीणा खाली ठेवायची नसते

मला गोड लिहिता येत नाही, हे आधीच सांगते. मी पत्रकं लिहिते. दारूच्या दुकानाविरुद्ध, एसटी स्टँडवरच्या कुलूपबंद मुतारीविरुद्ध, ‘अंगदुखी मुळापासून बरी’ असं ओरडत बाजारात तेलाच्या बाटल्या विकणाऱ्या लबाडांविरुद्ध. त्यामुळे कृपा हा शब्द लिहायला पेन जरा अडखळतं. पण जे झालं ते झालं. ते लपवणं हीसुद्धा लबाडीच.

कॉलेज संपता संपता माझं अंग दुखायला लागलं. आधी मान, मग खांदे, मग मांड्या. कुणीतरी रात्रभर पिळून वाळत टाकावं तसं सकाळी उठायचं. तपासण्या झाल्या, सगळ्या चांगल्या आल्या. ‘रिपोर्ट चांगले आहेत’ हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरायचं. रिपोर्ट चांगले असतील, मी नाही ना चांगली! भावकीतल्या बायका म्हणायच्या, लग्न लावून द्या, दुखणं पळून जाईल. शेवटी परभणीतल्या एका डॉक्टरबाईंनी नीट ऐकून घेतलं. म्हणाल्या, हे स्नायूंचं जुनाट दुखणं आहे, खरं आहे, तुझ्या मनाचे खेळ नाहीत. ते जाईलच असं मी सांगणार नाही, पण सांभाळता येतं. रोज थोडं चाल. शेक घे. वेळेवर झोप. आणि बरं वाटत असेल त्या दिवशीसुद्धा दमायच्या आधी थांब.

बाकी सगळं मी ऐकलं, थांबायचं तेवढं ऐकलं नाही. थांबणं म्हणजे हरणं, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. एखादा दिवस बरा उगवला की मी पाथरीपासून पालमपर्यंत पत्रकं वाटत फिरायची आणि मग आठवडाभर भिंतीकडे तोंड करून पडायची. माय संध्याकाळी देवापुढे दिवा लावायची. मी अंथरुणातून विचारायची, “तुझ्या देवाला माझा खांदा दिसत न्हाई का?” ती वात सारखी करत म्हणायची, “दिसतो की. तूच त्याला हात लावू देईनास.”

पिंगळी स्टेशनपासून जवळच आमचं गाव. थंडीत मारुतीच्या पारापुढे मांडव पडतो आणि हरिनाम सप्ताह बसतो. पारायण, कीर्तन, पंगती, सगळं असतं, पण सप्ताहाचा प्राण म्हणजे वीणा. कुणीतरी ती गळ्यात घेऊन, तार छेडत, देवापुढे अखंड उभं राहतं. पहारा संपला की पुढचा माणूस येतो, उभ्या माणसाच्या पाया पडतो आणि वीणा मागतो. देणारा वीणा देतो आणि मग तोही घेणाऱ्याच्या पाया पडतो. सात दिवस वीणा जमिनीला टेकवायची नाही. टेकली तर सप्ताह मोडला.

आमच्या गावात वीणेचा पहारा पुरुषांचाच. बायकांनी पुरणं वाटायची, पोळ्या लाटायच्या. मी त्यावर पत्रक काढलं. ‘भाकरी चालते, मग हात का चालत नाही?’ असा मथळा. गावात गलका झाला. सप्ताहाचे प्रमुख तात्या दारात येऊन म्हणाले, “काय गं पत्रकवाली, दुपारचा पहारा तुमाला दिला. पण उभं ऱ्हाणं म्हंजे कागद वाटणं न्हाई. एकदा जरी वीणा टेकली, तर पुन्हा नाव काढायचं न्हाई.”

मी म्हटलं, मंजूर. आणि इथंच चुकले. पहाऱ्याला आम्ही पाचसहा जणी होतो. थोडं थोडं वाटून घेता आलं असतं. पण मला दाखवून द्यायचं होतं. आमच्यातल्या रुक्मिणकाकूला मी बजावलं, “मी हाक मारल्याबिगर कुणीबी यायचं न्हाई. आख्खी दुपार मीच उभी राहणार.” “बरं माय, तुझी जिद,” काकू म्हणाली आणि पंगतीची डाळ निवडायला गेली.

सुरुवात छान झाली. तारेचा नाद छातीत घुमत होता, पाय आपोआप ताल धरत होते. मग डाव्या खांद्यात ओळखीची कळ आली. तिथून मानेत, मानेतून पाठीत. मी दात आवळून वीणा आणखी घट्ट धरली. जितकी घट्ट धरावी तितका हात आखडायला लागला. बोटांना मुंग्या आल्या. पुढच्या ओळीत बसलेला एक म्हातारा दुसऱ्याला कोपर मारून म्हणाला, “डुलायली बघ. पडती आता.” हाक मारली असती तर काकू धावत आली असती, पण हाक मारायची म्हणजे त्या म्हाताऱ्याला खरं ठरवायचं. आणि वीणा सुटली तर माझी एकटीची नाही, गावातल्या सगळ्या बायकांची सुटणार होती. डोळ्यांपुढे शेंदरी मारुती अंधुक व्हायला लागला. मी आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याशी भांडले नाही. मनात एवढंच म्हटलं, माझ्यानं होत नाही रे आता. तूच बघ.

तेवढ्यात माझ्या पायांना कुणाचे तरी थंड हात लागले.

बाई अनोळखी. पोक्त, कपाळ कुंकवानं भरलेलं, पिशवीतून करडईच्या भाजीची जुडी बाहेर डोकावत होती. ती उठून उभी राहिली, पदर खोचला आणि दोन्ही हात पुढं केले. “द्या माउली. तुमाला बघून माझाच खांदा दुखायलाय.”

मी वीणा दिली. कशी दिली ते आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की वजन उतरलं आणि मी तिच्या पायांवर वाकले ती काही क्षण उठलेच नाही. वरून ती म्हणाली, “ऊठ माय. तेवढी पिशवी सांभाळ, शेळी तोंड लावंल.”

मांडवात कुजबूज सुरू झाली. कुठली कोण बाई, तिला कुणी विचारलं? तात्या उठले. मी पिशवी घेऊन मध्ये जायला निघाले. पण तात्या म्हणाले, “पाया पडून मागितली, हिनं दिली. रीत झाली. आता काय काढून घेता का हातातून?” आणि खाली बसून टाळ वाजवायला लागले.

बाई सैल उभी होती. घरच्या लेकराला कडेवर घ्यावं तशी वीणा घेऊन हलके हलके झुलत होती. गलका ऐकून काकू आली, तिच्यामागून बाकीच्या. काकूनं बाईच्या पायाला हात लावला आणि वीणा काकूच्या गळ्यात आली. मग तिसरी, मग चौथी. दुपार टळली, वीणा टेकली नाही.

बाई पिशवी घ्यायला आली तेव्हा मी विचारलं, “कुठल्या तुमी?”

“गाडीतली हाय मी. गाडी अडकून पडली पिंगळीला. भोंग्यावर भजन ऐकलं, तहान लागलेली, आले.” तांब्याभर पाणी प्याली, शेंगदाण्याचा प्रसाद पदरात बांधला आणि स्टेशनच्या वाटेनं निघून गेली. नाव विचारायचं राहून गेलं.

ती कोण होती, हे पटवून द्यायला मी बसलेली नाही. बाई होती, तहानलेली होती, भाजी घेऊन चालली होती. तिला त्याच वेळी तिथं कुणी आणलं, ते माझं मी समजून आहे.

दुखणं गेलेलं नाही. गेलं असं लिहिलं तर त्या तेलवाल्यांच्यात आणि माझ्यात फरक काय? पण आता मी त्याच्यासोबत नांदते. सकाळी उन्हात बसून मान सैल करते, गरम पाण्याच्या पिशवीनं शेकते, कालव्याच्या कडेनं थोडं चालते, पत्रकांच्या कामातल्या पोरी बैठक रंगवत असल्या तरी वेळ झाली की झोपायला उठून येते. पाथरीची पत्रकं पाथरीच्या पोरी वाटतात. डॉक्टरबाईंनी सांगितलेलं तेच, मला मात्र ते वीणा देताना कळलं. सप्ताह कुण्या एकाच्या ताकदीवर उभा राहत नाही. तो वीणा वेळेवर पुढच्याला दिल्यावर उभा राहतो. मी थांबले म्हणून नाम थांबलं नाही, आणि हे किती सुखाचं आहे ते मला कधी कळलंच नव्हतं.

यंदाही दुपारचा पहारा आमचाच. मी उभी राहिले, तार छेडली. अजून कळ आलेली नव्हती, बरं वाटत होतं. मांडवाच्या टोकाला काकू डाळ निवडत होती.

“काकू,” मी सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशी हाक मारली, “ये गं, घे.”

“एवढ्यात?” तात्या हसले. “दमलीस का पत्रकवाली?”

“न्हाई तात्या. दमायच्या आधी द्यायलेय.”

काकू पाया पडली. मी वीणा दिली आणि तिच्या पायांवर वाकले. वाकताना कंबरेत बारीकशी कळ आलीच. तीही मारुतीच्या पायाशी ठेवली आणि डाळीच्या सुपापुढे जाऊन बसले.