सैल बसवलेलं टोपण

गल्लीत तिला सगळे शंकाबाई म्हणत. भाजीवाल्याला ती दोनदा वजन करायला लावायची आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी औषधवाल्याला दाखवल्याशिवाय गिळायची नाही. इस्पितळामागच्या खोलीत कुबड्या दुरुस्त करून तिनं घर चालवलं. सासूबाई कुबडी घेऊन ओल्या न्हाणीत घसरल्या, तेव्हा तिनं कुबडीच्या टोकाला गोल सांध्यावर असं सैल रबरी टोपण बसवलं, की काठी तिरकी झाली तरी ते जमिनीला सपाट चिकटून राहायचं.

तिनं पेटंटला अर्ज केला. कुबड्या बनवणाऱ्या एका कंपनीनं विरोध केला आणि अर्ज फेटाळला गेला. टोपण जुनं, गोल सांधाही जुना. दोन्ही एकत्र करणं कुणालाही सहज सुचलं असतं, असं कारण दिलं. त्याच कंपनीच्या गोदामात तिचा धाकटा दीर कामाला होता. मग काय, पाल चुकचुकलीच! "घरभेदी मेला," म्हणत तिनं त्याच्याशी बोलणं टाकलं.

अपिलासाठी वकीलबाई मिळाल्या. हक्क नेमका कशावर हवा, हे सांगणाऱ्या अर्जातल्या दाव्यात 'काठीला जोडलेलं टोपण' असं होतं; त्या शब्दांवर त्यांनी बोट ठेवलं.

"यात तर जगातली प्रत्येक कुबडी बसते. 'सैल बसवलेलं, सगळ्या बाजूंना कलणारं' असं घालू."

"म्हणजे शब्द वाढवायचे आणि माझा हक्क कमी करायचा? तुम्हालाही फोडलं की काय त्यांनी?"

वकीलबाईंनी चष्मा काढला. "मोठा दावा टिकणार नाही. लहान टिकेल. ठरवा तुम्ही."

तिनं सही केली, पण दात-ओठ खात.

सुनावणीत कंपनीचा वकील म्हणाला, "हे कुठल्याही कारागिराला सुचलं असतं."

"आज टोपण समोर आहे म्हणून तसं वाटतं," न्यायाधीश म्हणाले. "तेव्हा त्याला हे कशावरून सुचलं असतं?"

वकीलबाईंनी कंपनीचंच जुनं छापील माहितीपत्रक पुढे केलं. टोपण घट्टच बसवा, सैल टोपण धोक्याचं, असं त्यात बजावलेलं होतं. सगळा धंदा घट्ट करा म्हणत असताना हिनं सैल केलं होतं. मूळचा मोठा दावा गेला. दुरुस्त केलेला मंजूर झाला.

बाहेर येताच तिनं विचारलं, "हे पत्रक कुठून आणलंत?"

"तुमच्या दिरानं दिलं. पूर्वी दुकानात कुणालाही फुकट मिळायचं म्हणे."

ती तडक त्याच्या घरी गेली. तो दारातच उभा होता.

"मला का नाही दिलंस?"

"वहिनी, मी दिलं असतं तर तू ते खरं मानलं असतंस?"

तिचे कान गरम झाले. मग आत जाऊन खुर्चीत बसली, आणि जावेनं पुढे केलेला चहा तिनं न हुंगता प्यायला.